चार ते सात वय: शब्दसाठा आणि तर्क घरच्या घरी कसे वाढवावेत?

पाटीपेन्सिल
चार ते सात वयाच्या मुलांसाठी हल्ली 'व्होकॅब'चा क्लास वेगळा आणि 'लॉजिकल रीझनिंग'चा वेगळा. एकीकडे फ्लॅशकार्डांचे गठ्ठे, दुसरीकडे 'मालिका पूर्ण करा' आणि 'वेगळा शोधा'चे कागद. या वयात ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत, असं माझं मत. 'कारण', 'म्हणून', 'नाहीतर', 'यापैकी', 'बहुतेक' हे शब्द तोंडात बसल्याशिवाय मुलाला आपला विचार मांडता येत नाही, आणि मांडायची वेळच आली नाही तर ते शब्द बसत नाहीत.

पण स्वयंपाक, जेवण, आंघोळ यांच्या मधल्या वेळात हे करायचं कसं? साहित्य किती, क्रम कोणता, कुठे फसतं, असं ठोस लिहा. 'मुलांशी भरपूर बोला' एवढ्यावर थांबू नका, ते सगळ्यांनाच माहीत आहे. मराठी घर आणि इंग्रजी शाळा हे गृहीत धरा.

खडूफळा
बटणांपासून सुरुवात करा. शिलाईच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळतात. दोन रंग, लहान-मोठी अशी दोन मापं, दोन भोकांची आणि चार भोकांची. असे आठ प्रकार होतात. प्रत्येकी दोन घेतली की सोळा बटणं. वयाची तीन पुरी होईपर्यंत मात्र नाही, तोंडात-नाकात जातात.

पहिल्यांदा सगळी काढू नका. मोठी, चार भोकांची, फक्त रंग वेगळा, एवढीच चार बटणं द्या. ढीग झाले की विचारा, "कसं ठरवलंस?" मूल बोट दाखवेल. "ही लाल आहेत म्हणून इकडे" असं वाक्य येईपर्यंत पुढे जायचं नाही. मग सोळाच्या सोळा द्या.

नंतर नियम बदला: "आता रंग विसरायचा, भोकं बघायची." इथे गंमत दिसते. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडाने अचूक सांगतं आणि हात मात्र जुन्याच नियमाने चालवतं. साडेचार-पाचपर्यंत बहुतेकांना जमतं. अडलं तर ओरडू नका. बटण खाली ठेवण्याआधी "चार भोकांचं" असं म्हणायला लावा, मगच ठेवू द्या. एवढ्यानेही बऱ्याच मुलांचा हात सुधारतो.

त्यापुढे जमिनीवर खडूने अधिकच्या चिन्हासारखी उभी-आडवी फुली काढून चार घरं करा. वरच्या दोन घरांत लाल, खालच्या दोनांत निळी. डावीकडे मोठी, उजवीकडे लहान. 'आणि' इथे शिकवला जातो. त्यानंतर 'लाल नसलेली आण'. 'किंवा' सगळ्यात शेवटी. "लाल किंवा मोठी असतील ती सगळी आण" म्हटलं की बरीच मुलं लाल आणि मोठी असलेली चारच आणतात. खरं तर सोळापैकी बारा यायला हवीत, लहान निळी चारच मागे राहतात. मागे राहिलेल्या प्रत्येक बटणाला "तू लाल आहेस का? मोठं आहेस का?" विचारायला लावलं की चूक मुलालाच सापडते.

कडधान्यं यासाठी घेऊ नका. मूग हिरवा आणि बारीक, राजमा लाल आणि मोठा. रंग आणि माप एकदमच बदलतं, त्यामुळे मुलाने कोणता नियम लावला हे तुम्हाला कळतच नाही.

हत्तीघोडा
म्हणजे मूग-मटकी वेगळे करायला बसवून उसळीचं काम उरकून घ्यायचा बेत फसला म्हणायचा.

खडूफळा
उरकून घ्या की! फक्त त्याला तर्क म्हणू नका, धान्य निवडणं म्हणा.

चिंचोके
स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर क्रियापदांवर लिहिते. फ्लॅशकार्डांनी नामं वाढतात. आपल्या घरांमधून नाहीशी होताहेत ती क्रियापदं. कट कर, मिक्स कर, ओपन कर, पील कर. सगळीकडे 'कर'. मुलाला कृतीतला फरक दिसतो, पण त्यासाठी शब्द मिळत नाही.

मेथी निवडतात, कोथिंबिरीचे देठ खुडतात, भेंडी चिरतात, काकडी कोचवतात, गाजर किसतात, नारळ खवतात, मटार सोलतात, लसूण ठेचतात, दाण्याचं कूट कुटतात, चटणी वाटतात, गहू दळतात, तांदूळ पाखडतात. एका वेळी दोनच शब्द घ्या आणि तेही जवळजवळचे: किसणं आणि खवणं. किसणी आणि खवणी दोन्ही समोर ठेवा (खवणीच्या पात्याला हात लावू द्यायचा नाही). किसताना काय हलतं? गाजर. किसणी जागेवर राहते. खवताना? वाटीही हलते आणि फिरतेही. शब्दातला फरक हातातल्या फरकाला जोडला गेला की तो विसरत नाही.

मग तर्क. "टोमॅटो किसता येईल का? केळं? उकडलेला बटाटा? कच्चा बटाटा?" आधी अंदाज सांगायचा, कारण द्यायचं, मग करून बघायचं. टोमॅटो किसला जातो आणि साल हातात राहते, हे पाहिल्यावर 'कडक', 'मऊ', 'लिबलिबीत', 'चिवट' हे शब्द आपोआप लागतात. शेवटी नियम मुलाने सांगायचा. "कडक असेल ते किसता येतं" असा पहिला नियम येतो. की लगेच बत्ताशा पुढे करायचा. कडक आहे, किसतो का? भुगा होतो. मग नियम दुरुस्त.

फसतं कुठे? मोठी माणसं नियम आधीच सांगून टाकतात. तिथे खेळ संपतो.

बोरूबहाद्दर
बत्ताशा किसायला घेतल्यावर नियमापर्यंत पोचतं कोण?

तिरकी_रेघ
थोडा विरोध नोंदवतो. फ्लॅशकार्डं इतकी टाकाऊ नाहीत. जी वस्तू घरात नाही तिचं चित्र दाखवावंच लागतं: नांगर, जातं, देवमासा, दीपगृह. आणि शब्दसंख्येला महत्त्व आहेच. गरीब आणि सुशिक्षित घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांमध्ये चार वर्षांच्या वयापर्यंत तीन कोटींची तफावत पडते, हे अभ्यासाने सिद्ध झालेलं आहे.

कोरी_वही
'सिद्ध झालेलं' हा शब्द मागे घ्यावा ही विनंती. हा आकडा हार्ट आणि रिस्ली या अमेरिकन संशोधकांच्या १९९५ सालच्या पुस्तकातून आला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली ४२ कुटुंबं, महिन्यातून एक तास नोंद, आणि त्यावरून पुढचा हिशोब ताणलेला. नंतर डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये नोंदी घेतल्या तेव्हा ही तफावत तशी आढळली नाही. शिवाय हार्ट-रिस्लींनी मुख्यतः मुलाला उद्देशून बोललेलंच मोजलं होतं. एकत्र कुटुंबात मुलाच्या आसपास जे चाललेलं असतं, ते त्यात फारसं येत नाही.

तरीही त्यातून घ्यायचं ते एवढंच: किती शब्द ओतले यापेक्षा बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली हे बघा. मूल बोललं, तुम्ही त्यालाच धरून उत्तर दिलं, त्यावर ते पुन्हा बोललं. चार-पाच फेऱ्या झाल्या की ते संभाषण. फ्लॅशकार्डात एकच फेरी होते: "हे काय?" "नांगर." "शाब्बास." पुढचं कार्ड.

तिरकी_रेघ
ठीक, 'सिद्ध' मागे घेतो. पण नांगराच्या कार्डावर चार फेऱ्या करता येतील की. "हा ओढतं कोण? टोक खाली का? दगड आला तर?"

कोरी_वही
मग भांडणच मिटलं.

अंगतपंगत
वाचून दाखवण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

रोज नवं पुस्तक नको. एकच चित्रपुस्तक आठवड्यात तीन-चार वेळा. पहिल्यांदा फक्त वाचा, थांबू नका. दुसऱ्या वेळी तीन शब्द आधीच हेरून ठेवा. ते कुठले निवडायचे यावर सगळं अवलंबून आहे. 'घर', 'पाणी' मुलाला येतात. 'प्रकाशसंश्लेषण' आत्ता लागत नाही. मधले धरा: हट्ट, पुरेसं, अंदाज, चकित, नाइलाज, सावध, कुरकुर, मुकाट्याने. एका गोष्टीत भेटतात आणि दहा ठिकाणी उपयोगी पडतात.

शब्द आला की तिथल्या तिथे सोप्या वाक्यात अर्थ: "नाइलाज म्हणजे करायचं नव्हतं, पण दुसरा उपायच नव्हता." लगेच गोष्टीबाहेरचं एक उदाहरण: "पाऊस थांबेना, छत्री नाही, नाइलाजाने भिजत गेलो." मग निवड करायला द्या: "आवडता लाडू खाल्ला, हा नाइलाज का? कडू औषध घेतलं, हा?" तिसऱ्या वाचनात तुम्ही त्या शब्दापाशी थांबायचं, मूल भरेल. "नाइलाज म्हणजे काय रे?" अशी व्याख्या विचारायची नाही. पाच वर्षांच्या मुलाला शब्द बरोबर वापरता येतो, त्याची व्याख्या करता येत नाही, आणि आपण समजतो की आलाच नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने वर्गांमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि त्यांत कारणं येऊ लागली. मनातल्या मनात 'एक आंबा, दोन आंबे, तीन आंबे' म्हणा. हे तीन आंबे फार जड जातात.

मोरपीस
वाचतेय. वाचनखूण साठवली.

उंबरठा
'वेगळा शोधा'च्या कागदांबद्दल. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ते येतं म्हणून पहिलीपासून घोटून घेतात. प्रश्नप्रकार वाईट नाही, उत्तरसूची वाईट आहे. चार चित्रं: चिमणी, कावळा, विमान, पतंग. छापील उत्तर बहुधा एकच. हाच कागद उलटा वापरा: चारही वेगळे ठरवून दाखवायचे. पतंग दोरीला बांधलेला. विमानाच्या पोटात माणसं बसतात. कावळा तेवढा काळाकुळकुळीत (पतंग काळा काढला नसेल तर). चिमणी? इथे मुलं अडतात. मग 'सगळ्यात लहान' येतं, किंवा 'फक्त हीच घरात घरटं करते' येतं. प्रत्येक कारण खरं आहे का, आणि बाकीच्या तिघांना लागू होत नाही ना, हे दोन प्रश्न विचारायचे. दुसरा प्रश्न मुलं हमखास विसरतात. "चिमणी वेगळी कारण तिला पंख आहेत." बरं, मग कावळ्याला?

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक. पाच गुलाब, दोन मोगऱ्याची फुलं. "गुलाब जास्त की फुलं जास्त?" सहापर्यंतची बहुतेक मुलं ठासून "गुलाब" म्हणतात, कारण त्यांनी गुलाब आणि मोगरा यांची तुलना केली. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा हा जुना प्रयोग. समजावत बसू नका. सातही फुलांभोवती दोऱ्याचं मोठं कडं करा, आत गुलाबांभोवती लहान कडं. "गुलाबांच्या कड्यात किती? फुलांच्या कड्यात किती?" हेच पुढे भाजी-पालेभाजी, भांडी-वाट्या यांवर. 'पैकी' हा शब्द इथेच रुजतो: सात फुलांपैकी पाच गुलाब.

गारगोटी
इतकी साधनं कशाला? आपल्याकडे कोडी आहेत.

'काळा घोडा, पांढरी स्वारी, एक उतरला की दुसऱ्याची पाळी.' तवा आणि भाकरी. 'सुपभर लाह्या, मध्ये रुपया.' चांदण्या आणि चंद्र. 'लाल गाय, लाकूड खाय, पाणी पिताच मरून जाय.' विस्तव. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.' दात आणि जीभ.

उत्तर पाठ करून घेतलं तर ती बडबडगीतं होतात. उत्तर सांगून टाका आणि जुळणी विचारा: "विस्तव गाय कसा? काय खातो? पाणी प्याल्यावर काय होतं?" मग मुलाने स्वतः कोडं रचायचं. आधी वस्तू, उदाहरणार्थ छत्री. तिचे तीन गुण: पावसात उघडते, घरात मिटते, एका पायावर उभी. पहिली खूण अशी की पाच वस्तूंना लागू पडेल, शेवटची अशी की एकच उरेल. मुलं नेमकं उलटं करतात, सगळ्यात सोपी खूण आधी सांगतात आणि खेळ एका झटक्यात संपतो. खुणांचा क्रम लावणं हाच या खेळातला तर्क.

हत्तीघोडा
'हातात धरली की बोलते, पण घरातल्या माणसांशी बोलू देत नाही.' ओळखा.

मोरपीस
उत्तर याच वस्तूवर टाइप करतेय. :)

सातासमुद्रापार
इथे भारताबाहेर घरात मराठी, बाहेर इंग्रजी. पाच वर्षांच्या मुलांचे मराठी शब्द मोजले तर कमी भरतात. 'रीझनिंग' शाळेच्याच भाषेत करावं, असा सल्ला मिळतो. तो बरोबर आहे का? आणि आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल "काय जेवलास?" या पलीकडे जात नाही, त्याला काही उपाय?

चिंचोके
एका भाषेतले शब्द मोजून निष्कर्ष काढू नका. 'स्पून' येतो आणि 'उलथनं' येतं, म्हणजे दोन्ही कल्पना डोक्यात आहेत. दोन्ही भाषा मिळून किती कल्पनांना नाव आहे ते पाहायचं. वर्गीकरण, 'जर-तर', क्रम लावणं हे एका भाषेत जमलं की दुसऱ्या भाषेत नुसते शब्द द्यावे लागतात. त्यामुळे ज्या भाषेत तुम्ही स्वतः सहज आणि सविस्तर बोलता त्याच भाषेत करा. एक सावधगिरी: दोन वर्षांचं होऊनही पन्नासेक शब्द नाहीत किंवा दोन शब्द जोडत नाही, तर 'दोन भाषांमुळे असेल' म्हणून वाट बघू नका. आधी कानांची तपासणी करा.

व्हिडिओ कॉलसाठी पिशवीचा खेळ. मुलाने एक वस्तू कापडी पिशवीत लपवायची. आजीने फक्त 'हो-नाही'चे प्रश्न विचारायचे, जास्तीत जास्त आठ. पुढच्या वेळी उलट. वस्तू आजीकडे, प्रश्न मुलाचे. मूल पहिल्यापासून "सफरचंद? बॉल? चावी?" असे बाण मारणार. तेव्हा सोळा वस्तूंची चित्रं समोर मांडा आणि प्रत्येक उत्तरानंतर बाद झालेली पालथी घाला. "सफरचंद आहे का?" ला 'नाही' आलं तर एकच चित्र पालथं होतं. "खायची वस्तू आहे का?" ला आठ पालथी होतात, जर निम्म्या वस्तू खायच्या मांडल्या असतील तर. सोळा, आठ, चार, दोन, एक: चार प्रश्नांत उत्तर. हे मुलांना सांगून पटत नाही, पालथ्या चित्रांकडे बघून पटतं.

गारगोटी
आजीच्या नात्यावरूनच पुढे जा की. "बाबांच्या आईच्या मुलीची मुलगी तुझी कोण?" आतेबहीण. "मामाच्या बहिणीचा नवरा?" बाबा, किंवा मावशीचे यजमान. दोन उत्तरं निघतात हे मुलाला सापडू द्या. इंग्रजीत काका, मामा सगळे एकाच शब्दात बसतात, आपल्याकडे नात्याची वाट शब्दातच असते. बाटल्यांची झाकणं मांडून करा, नुसतं तोंडी जड जातं. आणि वाट उलटी नक्की विचारा: "मावशी तुझी मावशी, मग तू तिची कोण?" भाची म्हणता येणं 'मावशी' म्हणण्यापेक्षा बरंच अवघड आहे.

बोरूबहाद्दर
मराठी शब्दांचाच विषय निघालाय तर, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. जोडाक्षरांना घाबरणारी पिढी घडवणार का?

खडूफळा
जोडाक्षरापेक्षा क्रमाचा प्रश्न मोठा आहे. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल ३६ लिहितं. 'एकोणसाठ' ऐकून ६१ किंवा ६९ लिहितं. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा. 'त्रेसष्ट' म्हटलं की सहा गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे. एकोणसाठला सहा गठ्ठे ठेवून त्यातली एक काडी उपसायची. दोन्ही नावं वापरा, वाद घालू नका. आणि बोरूबहाद्दर, यावर जुना धागा आहे. तिथे भेटू.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. 'जर-तर' वर कुणी लिहील का? 'पसारा आवरलास तर बाग' या सौद्यापलीकडचं.

उंबरठा
त्या सौद्यातच खाच आहे. 'पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. पाऊस पडला का?' मुलं 'हो' म्हणतात. पुष्कळ मोठी माणसंही म्हणतात. 'चूक' म्हणू नका. "आणखी कशाने ओलं झालं असेल?" विचारून तीन कारणं काढा: सडा घातला, टाकी वाहिली, कुणी बादली सांडली. मग "पाऊसच होता हे कशावरून ठरवशील?" गच्ची बघू, रस्ता बघू, झाडाची पानं बघू. 'बहुतेक', 'नक्की', 'असेलही' हे तीन शब्द इथे वेगवेगळे वापरायला लावा.

दुसरं: "सगळ्या मांजरी भुंकतात. मनी मांजर आहे. मनी भुंकते का?" चार-पाच वर्षांची मुलं "मांजर कुठे भुंकते!" म्हणून मोडता घालतात. सुरुवातीला "चांदोबावरच्या गावात सगळ्या मांजरी भुंकतात" एवढं जोडा आणि गोष्टीच्या सुरात सांगा. तीच मुलं बरोबर उत्तर देतात. तिथून मग "सगळ्या" काढून "काही" घाला. आता मनीचं सांगता येईल का? "सांगता येणार नाही" हेही उत्तर असतं, हे कळायला वेळ लागतो. वेळ द्या.

अंगतपंगत
प्रवासासाठी भेंड्या विसरू नका. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी शेवटचा आवाज धरा, अक्षर नको. एकच गट ठरवा: फक्त खायचे पदार्थ, फक्त प्राणी. गट जितका आवळाल तितके आठवणीच्या तळातले शब्द वर येतात.

हत्तीघोडा
सहा वर्षांचं चलाख पोर दोन डावांत शोधून काढतं की केळ, नारळ, तांदूळ म्हटलं की समोरचा आडवा. 'ळ'वरून शब्द आणा म्हणावं!

अंगतपंगत
'ळ' आणि 'ण' यांच्यापासून मराठीत शब्द सुरू होत नाही. ते आले तर त्याआधीचं अक्षर घ्यायचं: नारळला 'र', तांदूळला 'द'. हा नियम आधी सांगू नका. पहिल्यांदा अडू द्या, नियम काय करावा हे मुलांनाच ठरवू द्या.

पाटीपेन्सिल
शेवटची शंका. हे सगळं 'का?' वर उभं आहे. पण "का?" ला "असंच" हे एकच उत्तर आलं तर?

खडूफळा
"का?" हा मोकळा प्रश्न आहे, चार वर्षांच्या मुलाला तो चौकशीसारखा वाटतो. त्याऐवजी दोन कारणं तुम्ही द्या, त्यातलं एक उघड चुकीचं. "हे बटण इकडे ठेवलंस, ते गोड आहे म्हणून की लाल आहे म्हणून?" हसत का होईना, 'म्हणून' लावून उत्तर येतं. काही दिवसांनी दोन्ही कारणं चुकीची द्या: "गोड आहे म्हणून की झोपलंय म्हणून?" आता तिसरं कारण मुलालाच आणावं लागतं. किंवा तुम्हीच बटण चुकीच्या घरात ठेवा आणि गप्प बसा. चूक दाखवताना मुलं "असंच" म्हणत नाहीत.

मोरपीस
हे नवऱ्यावरही चालेल का, बघते.